चौदा वेळा 'नाही' आणि मित्राच्या फोनमधले व्हिडिओ

पत्र थोडं कापून देतेय, फार लांब होतं.

"ताई, मी २७ वर्षांचा. जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, गाव यावल तालुक्यात, इथे रूम करून राहतो. घरी स्थळं बघणं चालूये पण पोरीकडच्यांना पुण्याचाच पाहिजे. म्हणून ठरवलं की आपलं आपण बघू. रील्सवर एक जण सांगतो की रोज अनोळखी मुलींशी जाऊन बोला, भीती मोडते, दहातली एक तरी हो म्हणते. तीन महिन्यांत मी चौदा जणींशी जाऊन बोललो. मेहरुण तलावाच्या ट्रॅकवर, बस स्टँडवर, मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरवर जी मुलगी होती तिच्याशी. एकदा पुस्तकांच्या दुकानात तर एकीने स्वतःच मला विचारलं की ह्याची नवीन आवृत्ती आली का, तीपण नाहीच म्हणाली. मी कधीच घाण बोललो नाही. 'हाय, तुम्ही छान दिसता, कॉफी घेऊ या का' एवढंच. एकीने चुकीचा नंबर दिला, एक गोड हसली नंबर दिला आणि रात्री ब्लॉक केलं, एकीने तोंडावर 'भाऊ' म्हटलं, आणि एकीचा खरा भाऊ आला. माझा मित्र लांबून व्हिडिओ काढायचा म्हणजे नंतर बघून चुका कळतील. आता खूप चिडचिड होते. मुलींना साधं बोललेलं पण चालत नाही का? माझं चुकतंय कुठे? — वैतागलेला, जळगाव"

बरं. मी तुला भाऊच म्हणणार होते, आपल्याकडे दुसरं काय म्हणतात, पण जखम ताजी दिसतेय म्हणून नको.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा तुझी दया आली आणि तिसऱ्यांदा ते व्हिडिओचं वाक्य नीट दिसलं आणि डोकं तापलं. त्याच्यावर येते मी, सोडणार नाहीये. पण आधी बाकीचं, कारण तू वाईट मुलगा नाहीस असं मला खरंच वाटतंय, वाईट असता तर विचारायला आलाच नसता.

एक जुनी गोष्ट सांगते. नव्वदच्या दशकात मी भुसावळहून जळगावला कॉलेजला अप-डाऊन करायचे, मोजून पंचवीस-तीस मिनिटांचा प्रवास, पण गाडी लेट असली की प्लॅटफॉर्मवरच अर्धा दिवस. असंच एकदा संध्याकाळी परतताना एक मुलगा आला, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, हातात ग्रीटिंग कार्ड, आणि म्हणाला मला तुमच्याशी मैत्री करायची आहे. अगदी तुझ्यासारखा, एक शब्द वावगा नाही. मी काय केलं माहितीये? हसले. छान हसले. आणि म्हटलं, मला उशीर होतोय. गाडी चाळीस मिनिटं लेट होती, तसं माइकवर नुकतंच सांगितलं होतं, ते त्यानेही ऐकलं होतं, मीही ऐकलं होतं, आणि तरी मी मला उशीर होतोय म्हणत प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला जाऊन शेंगदाणे विकणाऱ्या मावशींच्या टोपलीला चिकटून उभी राहिले. त्यानंतर दोन महिने मी ती गाडी सोडली. एस.टी.ने गेले, जास्त पैसे, जास्त वेळ, आणि मला गाडी लागायची ते वेगळंच. घरी कारण सांगितलं की ट्रेनला गर्दी असते. खरं का नाही सांगितलं? कारण खरं सांगितलं असतं तर वडील त्या मुलाला काही बोलले नसते, त्यांनी माझं कॉलेज बंद केलं असतं.

त्या मुलाला ह्यातलं काहीही कळलं नाही. त्याच्या हिशोबात तो एका मुलीशी सभ्यपणे बोलला, ती हसली, आणि मग गायब झाली. तोही कुणाला तरी म्हणाला असेल, मुलींना साधं बोललेलं चालत नाही.

आता तू म्हणशील ताई तेव्हाचं वेगळं होतं. थोडं वेगळं आहे, मान्य, आता पोरींकडे स्वतःची स्कूटी आहे, स्वतःचा पगार आहे. पण जळगाव अजून जळगावच आहे रे. काव्यरत्नावली चौकात मुलगी कुणाशी पाच मिनिटं उभी राहिली तर ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचते, कारण चौकात कुणाचा ना कुणाचा काका चहा पीत असतोच. पोरी तोंडाला स्कार्फ बांधून वर गॉगल लावून फिरतात ते काय फक्त उन्हासाठी वाटतं तुला? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा उन्हासाठी. डिसेंबरमध्येही बांधतात त्या, तेव्हा काकासाठी. तू जेव्हा भर रस्त्यात समोर जाऊन उभा राहतोस तेव्हा तुझ्यासाठी तो एक प्रश्न असतो, हो किंवा नाही, झालं तर कॉफी नाहीतर घरी. तिच्यासाठी त्यात काका असतो, भाऊ असतो, उद्यापासून ह्या रस्त्याने यायचं की नाही हे असतं, हा माणूस नाही म्हटल्यावर काय करेल हे असतं, आणि हे सगळं तिला तीन सेकंदात ठरवायचं असतं. मग ती हसते. हसणं हा आमचा ब्रेक आहे. गाडी कुणावर आदळू नये म्हणून मारलेला. तू त्याला सिग्नल समजतोस.

आणि तू निवडलेल्या जागा तर बघ. मेहरुणचा ट्रॅक, सकाळची वेळ, कानात इयरफोन, घाम आलेला, रात्रीच्या शिळ्या टीशर्टवर बाहेर पडलेली. दिवसातला हा एकच तास असतो जेव्हा तिला कुणी चहा कर म्हणत नाही. तिथे तू समोरून येऊन थांबतोस. तू चालणं थांबवलंस म्हणजे तिलाही थांबावं लागलं. बस स्टँडचं त्याहून वाईट, कारण तिथून ती जाऊच शकत नाही, चोपड्याची गाडी चुकली तर पुढची कधी लागेल ते कंट्रोलरलाही सांगता येत नाही, म्हणजे नाही म्हणून झाल्यावरही तिला तुझ्यासमोरच उभं राहायचंय, आणि तीच गाडी तुझीही असली तर मग विचारूच नको. आणि काउंटरवरची मुलगी. तिला हसायचाच पगार मिळतो भो. तिथून ती ना निघून जाऊ शकते ना तुला चार शब्द सुनावू शकते, मागे मालक बसलाय. तू तिला छान दिसता म्हणालास तेव्हा तिने थँक्यू सर म्हटलं असेल, पैजेवर सांगते. ह्या तिन्ही ठिकाणी तू अशा मुलीला विचारलंस जिला त्या क्षणी तिथून हलता येत नव्हतं. तुला तसं करायचं नव्हतं हे मला कळतं. पण झालं तेच.

ह्या चौदातली एकच गोष्ट मला खरी हळहळ लावून गेली, ती पुस्तकांच्या दुकानातली. अरे बाबा, तिने स्वतःहून तुला विचारलं होतं! नवीन आवृत्ती आली का. म्हणजे स्पर्धा परीक्षेचं काहीतरी असणार. तिला तू दुकानातला वाटलास की अभ्यास करणारा वाटलास देव जाणे, पण एक माणूस दुसऱ्या माणसाशी बोलत होता, आणि विषयही तिनेच आणून दिला होता. आणि तू काय म्हणालास? 'हाय, तुम्ही छान दिसता.' म्हणजे तिने विचारलं पूर्वेचं आणि तू सांगितलं पश्चिमेचं. तू जर म्हणाला असतास की मला माहीत नाही, थांबा विचारतो, आणि काउंटरवर विचारून आला असतास, तर दोन मिनिटं बोलणं झालं असतं, कदाचित एवढंच झालं असतं आणि ती निघून गेली असती, पण ते चौदा नाहींमध्ये मोजलं गेलं नसतं. तू मात्र पाठ केलेलं वाक्य म्हटलंस, कारण त्या रीलवाल्याने तुला वाक्य शिकवलंय, ऐकायला नाही शिकवलं.

त्या रीलवाल्याबद्दल मला जास्त बोलायचं नाहीये, फक्त एवढंच की दहातली एक हो म्हणते हा त्याचा हिशोब त्याच्या कामाचा आहे, त्याला व्ह्यूज पाहिजेत. तुझ्या डोक्यात त्याने मोजणी बसवली. केळीच्या ट्रकमध्ये घड मोजून चढवावेत तसं तू सातवी, आठवी, नववी करत गेलास. त्यातल्या एकीचंही नाव तुझ्या पत्रात नाही, नाव सोड, पुस्तकांच्या दुकानातली वगळली तर ती काय करत होती, कशी बोलली, हेसुद्धा नाही. एक 'चुकीचा नंबर', एक 'ब्लॉक', एक 'भाऊ'. आणि म्हणूनच तुझी चिडचिड होतेय असं मला वाटतं. एका मुलीने नाही म्हटलं तर माणसाला वाईट वाटतं, दोन दिवस जेवण जात नाही, मग जातं. पण तू चौदा जणींचं मिळून एकच खातं उघडलंस आणि सगळी उधारी 'मुली' ह्या नावावर टाकलीस. पंधरावीकडे जाशील तेव्हा ती बिचारी पहिल्यांदाच भेटत असेल आणि तू चौदा जणींचा राग घेऊन उभा असशील. तो चेहऱ्यावर दिसतो रे. लपत नाही.

बरं, आता एक गंमत सांगू का, तू तर घरचाच माणूस आहेस, तुला कळेल. अनोळखी माणसाशी बोलणं ही खान्देशात काही मोठी कला नाहीये. यावलहून गाडीत बस, शेजारी म्हातारी येऊन बसेल, पिशवी तुझ्या मांडीवर ठेवेल आणि विचारेल कोणत्या गावचे, कोणाचे, आडनाव काय, किती एकर, केळी लावली का कापूस. धुळ्याकडे गेलं की तेच अहिराणीत, 'कथा जाई राह्यना रे भाऊ?', म्हणजे कुठे चाललास, आणि उतरायच्या आत तिला तुझ्या मावशीचं सासर माहीत झालेलं असतं. कुणाला भीती वाटत नाही त्याची, कुणी चुकीचा नंबर देत नाही. का? तिला तुझ्याकडून काही नकोय. गाडीतून उतरली की विषय संपला. तुझ्या 'साध्या बोलण्यात' आणि तिच्या बोलण्यात हा एवढाच फरक आहे, तुझ्या पहिल्याच वाक्यात मागणी आहे. तू साधं बोलतच नव्हतास. भीती मोडायचीच असेल तर त्या म्हातारीसारखं बोलायला शिक, काही नको असताना. रसवंतीवाल्याशी, मेहरुणच्या बाहेर बोरं विकायला बसतात त्यांच्याशी, लायब्ररीत पेपर वाचणाऱ्या आजोबांशी. मुलींशी बोलायची प्रॅक्टिस म्हणून नाही हं, परत तेच चालू नको करूस.

आता व्हिडिओ.

तू ते वाक्य असं सहज लिहून गेलास जसं काही क्रिकेटच्या नेट प्रॅक्टिसचं शूटिंग. मित्र लांबून व्हिडिओ काढायचा. कुणाचे? ट्रॅकवर घाम पुसत चाललेल्या मुलीचे, जिला माहीत नाही कुणी काढतंय, जिचा चेहरा आज स्कार्फमध्ये नाहीये. चौदापैकी कितींचे आहेत? ते कुणाच्या फोनमध्ये आहेत, तुझ्या की त्याच्या? त्याने अजून कुणाला दाखवले? रूमवरच्या पोरांनी बसून बघितले असतील ना, हसले असतील, आणि हसले ते तुला की तिला? ज्या मुलीचा भाऊ आला ना, तो का आला असेल ह्याचा विचार कर. मला वाटतं तो कॉफीसाठी नव्हता आला, झाडाआडून मोबाईल धरून उभ्या असलेल्या माणसामुळे आला. मी तिथे असते तर मीही आले असते, चप्पल हातात घेऊन. आणि ह्यातला एखादा व्हिडिओ कुठे ग्रुपवर पडला तर तुझं काय होईल, चार शिव्या. तिचं काय होईल ते मघाशी सांगितलंच.

कायद्याचंही सांगून ठेवते, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून. पूर्वीच्या आयपीसीत २०१३ मध्ये पाठलागाचं कलम आलं, ३५४ ड. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात ते कलम ७८ आहे. मुलीने स्पष्ट दाखवलं की तिला रस नाही आणि तरी पुरुष परत परत मागे जात राहिला, बोलायचा प्रयत्न करत राहिला, किंवा ती ऑनलाइन काय करते त्याच्यावर नजर ठेवली, तर पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पुन्हा केलं तर पाच. एकदा सभ्यपणे विचारलं आणि नाही म्हटल्यावर निघून गेलं हा ह्या कलमाखाली पाठलाग नाही. पण 'स्पष्ट दाखवलं' म्हणजे तिने नाही हा शब्दच उच्चारला पाहिजे असं धरून बसू नकोस. मला उशीर होतोय, माझं लग्न ठरलंय, घरी विचारावं लागेल, भाऊ, चुकीचा नंबर, ब्लॉक, हे सगळं नाहीच आहे. जिने तुला ब्लॉक केलं तिला दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला नाहीयेस ना? पत्रात नाही लिहिलंस, पण मी विचारतेय. टाकला असशील तर तिथेच थांब.

स्थळांचं दुःख मला मान्य आहे, त्याची थट्टा नाही करणार. मेळाव्यात स्टेजवर उभं राहून माइकवर पगार आणि एकर सांगायचे आणि खाली बसलेल्यांनी पुणे आहे का विचारायचं, माणसाला बाजारात उभं केल्यासारखं वाटतं. पण एक आकडा बघ, २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. त्या ज्या आल्याच नाहीत त्या कुणामुळे आल्या नाहीत हे आपल्या सगळ्या घरांना माहितीये. तुझ्या मागून येणाऱ्या पोरांचं तर अजून कठीण आहे. आणि ज्या आहेत त्यांना शिकून पुण्याला जावंसं वाटतं ह्याचं एक कारण हेही आहे की तिकडे तलावावर चालताना कुणी ओळखत नाही.

मग करायचं काय. तू विचारलंस माझं चुकतंय कुठे, मी म्हणेन मुळात अनोळखी राहून विचारण्यातच. जिथे तू परत परत दिसशील, काहीतरी काम करताना दिसशील, आणि मुलीला तुला लांबून चार महिने बघता येईल अशा ठिकाणी जा. तुला ती बघतेय हे तुला कळणारही नाही आणि त्यातच गंमत आहे. माझ्या भाच्याचं असंच जमलं. रविवारी पाटणादेवी, कधी मनुदेवी, कधी पाल असे ट्रेकला जाणाऱ्यांचा ग्रुप होता, हा गेला तो पक्षी बघायला, खरंच पक्षी बघायला, त्याला दुसरं काही सुचत नाही. आठ महिने एका मुलीशी त्याचं बोलणं म्हणजे फक्त 'पाणी आहे का' आणि 'पुढे घसरण आहे'. एका ट्रेकला एका काकांचा पाय मुरगळला, सगळे पुढे निघून गेले आणि हा त्यांच्यासोबत हळूहळू खाली आला, वर त्यांची बॅग उचलून. ती मुलगी मागे वळून बघत होती. पुढच्या रविवारी तिनेच डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढे धरला. ह्या मूर्खाने आधी ठेचा कसा केला ते विचारलं. लग्नाला दोन वर्षं झाली.

तुझं असंच होईल असं अजिबात नाही. गणपती मंडळाचं रक्तदान, बॅडमिंटनची बॅच, संध्याकाळचा एखादा क्लास, मित्राच्या बहिणीच्या हळदीला वाढपी म्हणून उभं राहणं, काहीही, फक्त तिथे तुला ते काम आवडत असलं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत कंटाळशील आणि परत मलाच पत्र लिहिशील. ॲपवरही बघ हवं तर, निदान तिथे जी असते ती स्वतःहून आलेली असते, पण जळगावात चार वेळा बोट फिरवलं की धुळ्याच्या मुली दिसायला लागतात असं माझी भाचीच सांगते.

आणि कधी आयुष्यात असं झालंच की अनोळखी मुलीशी खरंच बोलावंसं वाटलं, वाक्य पाठ न करता, तर आजूबाजूला माणसं असू देत, दिवसाउजेडी, समोरून, दोन हात अंतर ठेवून, ती निघायच्या वाटेत उभा न राहता, आणि चालत्या गोष्टीवरून बोल. तिचा नंबर मागू नकोस, तुझा दे, चिठ्ठीवर लिहून, आणि आधी तू निघ. ती चिठ्ठी तिने पुढच्या वळणावर फेकली तरी तुला बघायला लागणार नाही.

पण हे सगळं नंतर. हे वाचून झालं की आज संध्याकाळी मित्राला रूमवर बोलव आणि ते सगळे व्हिडिओ दोघांच्या फोनमधून काढून टाका. डिलीट केल्यावर जे वेगळ्या फोल्डरमध्ये महिनाभर पडून राहतं ना, तिथूनही. व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवले असतील तर ते चॅटमधूनही, आणि बॅकअपमध्ये गेले असतील तर तिथूनही. मित्र म्हणाला की काय भो एवढं काय त्यात, तर त्याला हे वाचायला दे. अजून कुणाला पाठवले असतील तर त्याला फोन करून पुसायला लाव, लाज वाटली तरी लाव. झालं की मला दोन ओळी टाक, बाकीच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मी त्यानंतरच देईन.

— ताई